टॉम फुलारी

प्रगतिपुस्तकाच्या शेवटच्या रकान्यात
क्वाड्रोस मिसनी हिरव्या शाईत लिहिलं होतं :
उल्का इज गिव्हन टु टॉमफुलरी.

दादा गोदीत टॅली क्लार्क.
इंग्रजी त्यांचं खोक्यांवर मावेल एवढं,
धिस साइड अप, हँडल विथ केअर,
आणि एक ‘डॅमेज्ड’, जे ते घरातल्या कपबश्यांनाही लावत.
चष्मा पुसून त्यांनी ओळ दोनदा वाचली,
मग आईला हळूच म्हणाले,
‘कोणीतरी टॉम फुलारी आहे.’

आई भाकरी थापता थापता थांबली.
‘फुलारी तर आपल्यातही असतात.’
‘पण टॉम?’
‘बाप्तिस्मा झाला असेल. आणि गिव्हन म्हणजे?’
‘दिलेली,’ दादा म्हणाले,
आणि त्या शब्दानं घरात जी शांतता पसरली
तिच्यात तव्यावरची भाकरी करपली.

मी नऊ वर्षांची.
गुन्हा एवढाच, की झिलू शिपाई
तंबाखू मळायला भिंतीमागे गेला तेव्हा
मी पितळी घंटेवर टोले दिले, बारा मिनिटं आधी,
आणि चारशे मुली माझगावच्या उतारावरून
दप्तरं उडवत घरी पळाल्या.
मदर सुपीरियर फाटकात हात पसरून उभ्या,
आट्यापाट्यांत पाटी अडवावी तशा.

दुसऱ्या दिवशी दादा अर्धी रजा टाकून शाळेत.
अंगात लग्नातला कोट, एक बटण आईच्या ब्लाउजचं.
‘मिस, ह्या टॉमला समज द्या.
आमची मुलगी साधी आहे.’
हे मुलींच्या शाळेत.

क्वाड्रोस मिसच्या गळ्यातला क्रूस हलला.
फक्त क्रूस.
बंदरात एका बोटीनं लांब भोंगा दिला,
तो संपेपर्यंत त्या टेबलावरचे कागद सारखे करत राहिल्या,
मग म्हणाल्या,
‘टॉमला आमी कालच काढून टाकला, मिस्टर तळवडेकर.
वसईला पाठवला.’

परतताना दादांनी मला लिमलेटची गोळी दिली.
सुटका झाल्यासारखे चालत होते,
कोटाची बटणं सोडून.

आता मी शब्दांवरच पोट भरते.
फोर्टात, तिसऱ्या मजल्यावर, विम्याच्या अटी,
औषधांच्या चिठ्ठ्या, कधी कोणाची जुनी पत्रं.
अशाच एका पत्रात परवा तो समोर आला,
पन्नास वर्षांनी, तसाच, हसू दाबून.

खोडी म्हणावं? खोडीला कोणीतरी लागतं,
आणि त्या कोणाला तरी लागतंही.
वात्रटपणा जिभेवरच राहतो.
माकडचेष्टा? मास्तरांनी छडी उचलल्यावरचा शब्द.
उचापत जवळची वाटली. वाण्याकडून उधारीवर माल उचलणं
हा तिचा जुना अर्थ,
पैसे पुढं कोणीतरी भरेलच ह्या भरवशावर.
पण घंटेचे कोणी भरले?
बारा मिनिटं होती,
चारशे जणींनी वाटून खाल्ली.

शेवटी दादांचा शब्दकोश काढला,
गोदीच्या तपकिरी कागदाचं कव्हर, ‘टी’चं पान कोपऱ्यात दुमडलेलं.
शब्दापुढं लाल पेन्सिलीची खूण,
माल तपासून बरोबर निघाला की करत तशी.
तारीख नाही.
निवृत्तीनंतर केली की त्याच आठवड्यात,
कोट चढवायच्या आधी की नंतर,
विचारायला आता दादा नाहीत.

एवढं खरं, की माझ्या लग्नात, अक्षता पडल्यावर,
नव्या जावयाला नखशिखांत न्याहाळून
ते माझ्या कानाशी म्हणाले होते,
‘टॉमला कळवलंस ना?’
मी तेव्हा म्हातारपण समजून हसले.

पत्रात मी ‘फुलारीपणा’ लिहून टाकलं.
तपासणाऱ्या गोडांब्यांनी खाली रेघ मारून विचारलं,
हा शब्द कुठला?
म्हटलं, मूळचा माझगावचा.
हल्ली वसईला असतो.